वस्तीच्या गाडीने सिसिली

तू पाठवलेला कार्यक्रम दोनदा वाचला. नऊ दिवस, अकरा गावं, आणि प्रत्येक गावापुढे दोन-अडीच तासांचा हिशेब. मोदिका ११ ते १, शिक्ली दीड ते साडेतीन, चार वाजता रागूझा. अगं, असं फिरलीस तर तुला सिसिलीची बंद दारं तेवढी दिसतील.

तुझे आजोबा, आमचे अण्णा, शाळा तपासणीस होते. सातारा जिल्ह्यातल्या आडगावांना त्यांचा दौरा असायचा. बरोबरचे लोक सकाळच्या गाडीने जाऊन दुपारच्या गाडीने परत यायचे. अण्णा मात्र वस्तीच्या गाडीने जायचे, म्हणजे जी एसटी रात्री गावातच मुक्कामाला थांबते आणि पहाटे परत निघते, तिने. ते म्हणायचे, दुपारी गेलं तर शाळा दिसते, गाव दिसत नाही. गाव बघायचं तर त्याची संध्याकाळ आणि त्याची सकाळ बघावी. मी आणि काका २०१८ आणि २०२३ अशा दोन्ही मे महिन्यांत सिसिलीला गेलो. पहिल्या वेळी पहिले चार दिवस तुझ्यासारखेच धावलो, आणि पाचव्या दिवशी मला अण्णांचं बोलणं आठवलं. बाकी सगळं विसरलीस तरी चालेल, पण वस्तीला राहा.

कारण समजून घे. या गावांचा दिवस दोन तुकड्यांचा असतो. सकाळी साडेसात-आठपासून एक वाजेपर्यंत बाजार, बेकरी, टपाल कचेरी, सगळं चालू. एक वाजला की दुकानांची शटर खाली येतात, ती चार-साडेचारच्या आधी वर जात नाहीत. चर्चसुद्धा बाराच्या सुमाराला कुलूपबंद होतात. रात्रीचं जेवण साडेसातच्या आधी कुणी वाढत नाही. सहलीच्या बसगाड्या येतात अकराला आणि जातात चारला, म्हणजे नेमक्या गाव झोपलेलं असताना. मग ते लोक म्हणतात, काही नव्हतं तिथे. आम्हीही मोदिकाबद्दल पहिल्यांदा तेच म्हटलं होतं आणि त्याचं मला अजून वाईट वाटतं.

म्हणून अकरा गावं खोडून टाक आणि तीन मुक्काम धर. कातानियाला विमानातून उतरलात की सिराकूझाच्या ओर्तीजा या जुन्या भागात दोन रात्री. तिथे गर्दी असते, पण प्रवासाचा शीण काढायला समुद्र जवळ हवा. मग शिक्लीत चार रात्री आणि डोंगरावरच्या पालात्सोलो आक्रेइदेत तीन. बाकीची गावं या मुक्कामांहून जाऊन-येऊन होतील. शिक्लीहून मोदिका दहा-एक किलोमीटर आहे. आणि खरं सांगू? एखादं राहिलं तर राहू दे.

ही गावं एकमेकांसारखी का दिसतात ते जावईबापू विचारतीलच. ११ जानेवारी १६९३ला बेटाच्या आग्नेय भागात मोठा भूकंप झाला. साठेक हजार माणसं गेली, गावंच्या गावं जमीनदोस्त झाली. ती पुन्हा उभी केली तेव्हा गवंडी, शिल्पकार, सगळे एकाच काळातले, दगडही तोच मधाच्या रंगाचा चुनखडीचा. त्यातली आठ नगरं २००२ साली युनेस्कोच्या वारसा यादीत गेली. नोतो त्यातलं सगळ्यांना ठाऊक असलेलं. शिक्ली आणि पालात्सोलोही त्याच यादीत आहेत, पण तिथे रात्री राहणारे पाहुणे अजून कमी. शिक्लीला दिवसा थोडी वर्दळ असते, कारण मोंतालबानो नावाच्या इन्स्पेक्टरच्या गाजलेल्या मालिकेतली पोलीस कचेरी म्हणून तिथल्या नगरपालिकेची इमारत दाखवली आहे. फोटो काढून लोक निघून जातात. संध्याकाळी गाव गावाचं होतं.

आता तुझ्या आईचे, म्हणजे आमच्या वहिनीचे गुडघे. मोदिकाच्या सान जॉर्जो चर्चला अडीचशेच्या आसपास पायऱ्या आहेत. रागूझात वरच्या गावातून खालच्या जुन्या इब्लात उतरायलाही पायऱ्यांची वाट आहे; सुंदर आहे, पण वहिनीने आणि दादाने ती बसने उतरावी, चढताना तर बसनेच. मोदिकाचा मुख्य रस्ता मात्र सपाट आहे. १९०२च्या पुरानंतर तिथली नदी वरून झाकली गेली आणि आज आपण चालतो तो रस्ता तिच्यावरच आहे. शिक्लीचं जुनं गावही दरीच्या तळाशी, सपाट. म्हणूनच चार रात्री तिथे सांगितल्या. घर घेताना मजला विचार, लिफ्ट विचार, आणि गाडी दारापर्यंत येते का तेही विचार. चाकांची मोठी बॅग त्या दगडी फरशीवर ओढवत नाही; प्रत्येकाची एक लहान बॅग पुरे. शेकडो वर्षांच्या पावलांनी तो दगड गुळगुळीत झाला आहे, पावसाचे चार थेंब पडले की शेवाळलेल्या घाटासारखा घसरतो. तळव्याला पकड असलेले बूट हवेत, नवे कोरे नकोत.

गाडी भाड्याने घ्यायची की नाही, यावर तुमच्यात वाद होईल. चौघं आहात, आडवाटेची गावं आहेत, तेव्हा शिक्लीत असताना दोन दिवस घ्या. आरटीओकडून आंतरराष्ट्रीय परवाना आधी काढून ठेवा. गाडी उजवीकडून चालवायची असते. आणि ही एक गोष्ट जावईबापूंना तोंडपाठ करायला लाव. जुन्या गावांच्या तोंडाशी लाल कडेचं पांढरं गोल चिन्ह असतं, खाली लिहिलेलं असतं ‘झोना त्राफिको लिमितातो’. म्हणजे परवानगी असलेल्यांच्याच गाड्या आत. शेजारच्या पाटीवर कधी ‘वार्को अत्तीवो’ असं उजळतं. आम्हाला वाटलं, अत्तीवो म्हणजे चालू, म्हणजे वाट खुली. अर्थ नेमका उलटा: कॅमेरा चालू आहे, आत शिरू नका. त्या एका वळणाचा दंड आम्हाला पुण्यात परतल्यावर कित्येक महिन्यांनी कळला, आणि तोवर भाड्याच्या गाडीवाल्यांनी आपलंही शुल्क लावलं होतं. गाडी गावाबाहेर लावायची. निळ्या रेघा म्हणजे पैसे भरून, पांढऱ्या म्हणजे मोफत, पिवळ्या म्हणजे राखीव.

बाकीचे दिवस बस आणि रेल्वे. सिराकूझाहून नोतो, शिक्ली, मोदिका, रागूझा असा एकेरी रुळाचा छोटा मार्ग आहे, खिडकीतून खरनूबाची झाडं आणि दगडावर दगड रचलेले बिनचुन्याचे बांध दिसतात. गाड्या मोजक्या. वेळापत्रकात तीन शब्द ओळखायला शीक. ‘फेरियाले’ म्हणजे सोमवार ते शनिवार. ‘फेस्तीवो’ म्हणजे रविवार आणि सुटीचा दिवस. ‘स्कोलास्तिको’ म्हणजे शाळा चालू असतील त्याच दिवशी. एका रविवारी आम्ही ‘फेरियाले’कडे न बघता थांब्यावर दोन तास उभे राहिलो. काकांची साखर उतरायला लागली, बिस्किटाचा पुडा पिशवीत होता म्हणून निभावलं. रविवारी गाव बदलायचं नाही, हे पक्कं. १ मे आणि २ जूनलाही सुटी असते. बसचं तिकीट पुष्कळदा तंबाखूच्या दुकानात मिळतं. दारावर मोठा ‘टी’ असतो. ते दुकानही दुपारी बंद, म्हणून सकाळीच जाण्या-येण्याची दोन्ही काढून ठेव. रेल्वेचं कागदी तिकीट असेल तर चढण्याआधी फलाटावरच्या यंत्रात त्यावर शिक्का मारून घ्यायचा.

मे महिना निवडलास ते उत्तम. जुलै-ऑगस्टचा विचारही करू नये. सिराकूझाजवळच्या फ्लोरिदियात ११ ऑगस्ट २०२१ला ४८.८ अंश तापमान नोंदलं गेलं, तो युरोपातला उच्चांक आहे. मेमध्ये सकाळ-संध्याकाळ हवा सुखाची असते. पालात्सोलो उंचावर आहे, तिथे रात्री वहिनीला शाल लागेल. दुपारी मात्र त्यांच्यासारखंच वागायचं: जेवण, पडदे ओढून वामकुक्षी, आणि साडेचार-पाचला तोंड धुऊन बाहेर.

खाण्याचं जरा विस्ताराने सांगते, कारण दादा-वहिनी शाकाहारी आणि तिथे शाकाहाराची व्याख्या सैल. ‘वेजेतारियानो’ एवढं म्हणून थांबू नकोस. ‘सेन्झा कार्ने, सेन्झा पेशे’ म्हण, म्हणजे मांस नको, मासे नकोत. ‘अच्चूगे’ म्हणजे बारकी खारवलेली मासळी, ती पावात, भाजीत, सॉसमध्ये कुठेही दडलेली असते. नाव घेऊन विचार. ‘स्त्रुत्तो’ म्हणजे डुकराची चरबी. कान्नोलीच्या कुरकुरीत नळीच्या जुन्या कृतीत ती असते, तेव्हा वहिनीसाठी आधी विचारून घे. चीज विरजायला बहुधा वासराच्या जठरातलं रेनेट वापरतात, हे तिला आधीच सांग आणि तिचा निर्णय तिला घेऊ दे.

उपाशी मात्र कुणी राहणार नाही. वांगी, टोमॅटो आणि खारवलेला रिकोत्ता घातलेला पास्ता ‘आल्ला नोर्मा’. आंबटगोड वांग्याची ‘कापोनाता’, ती आपल्या जिभेला पहिल्या घासालाच पटते. बाकल्याच्या डाळीचं घट्ट पिठलं म्हणावं असं ‘माक्को’. आणि रागूझाकडची ‘स्काच्चा’, म्हणजे पातळ पोळीत टोमॅटो आणि चीज घालून घड्या करून भाजलेली. ‘आरांचीनो’ हा भाताचा तळलेला गोळा घेताना ‘आल बुर्रो’ या नावाला भुलू नकोस. बुर्रो म्हणजे लोणी खरं, पण आत हॅम असतं. सकाळी बदामाची ग्रानिता. दूध नाही, नुसते बदाम, पाणी, साखर, आणि सोबत मऊ ब्रिओश, तिच्या डोक्यावर लहानसा अंबाडा असतो. दादाला ती रोज लागेल बघ. कॉफी उभ्याने प्यायली की स्वस्त, बसलं की महाग. जेवणाच्या बिलात ‘कोपेर्तो’ म्हणून माणशी एक-दोन युरो लावतात, ती पद्धतच आहे, हुज्जत घालू नये.

मोदिकाच्या चॉकलेटसाठी एक सकाळ ठेव. कोको आणि साखर सुमारे चाळीस अंशांच्या आसपासच घोटतात, त्यामुळे साखर विरघळत नाही. वडी दाताखाली घेतली की कणकण लागते, कलाकंदासारखी रवाळ, मग हळूहळू कडवटपणा उतरतो. दालचिनीची घे, मिरचीची घे. त्याच दुकानात काचेमागे ओळीने करंज्या दिसतील. हुबेहूब आपल्या करंज्या, कडा दाबलेल्या, वरून पिठीसाखर. मी बोट दाखवलं, बाईंनी चिमट्याने एक उचलून कागदावर ठेवलीही. मग माझ्या कपाळाकडे, साडीकडे पाहून त्या थांबल्या आणि म्हणाल्या, ‘चे कार्ने.’ आत मांस आहे. ‘म्पानातिग्गी’ म्हणतात तिला. बदाम, चॉकलेट, दालचिनी आणि त्यात बारीक केलेलं गोमांस, कित्येक पिढ्यांची कृती. त्यांनी ती परत ठेवली, हात पुसले, चिमटा बदलला आणि नव्या चिमट्याने बदामाची मिठाई दिली. तो बदललेला चिमटा मी विसरलेले नाही. वहिनीला ती ‘करंजी’ आधीच सांगून ठेव.

घरात स्वयंपाकघर असलंच पाहिजे. हळद, हिंग, मोहरी, जिरे, तिखट छोट्या डब्यांत ने, हिंग दोन पिशव्यांत गुंडाळून. मेतकूट, भाजणी, शेंगदाण्याची चटणी चालेल. तूप, पेढे, खव्याचं काहीही नेऊ नकोस. युरोपबाहेरून दुधाचे आणि मांसाचे पदार्थ आणायला तिथे बंदी आहे. आंबेही नकोत, ताज्या फळाला रोपस्वच्छतेचा दाखला लागतो. भाजी दारावर येते. सकाळी भोंग्यातून आरोळी ऐकू आली की पिशवी घेऊन खाली जा. भाजीवाल्याची तीनचाकी बघून दादा थबकेल, कारण ती आपेच आहे, आपल्या बारामतीत बनते तीच. इटालियनमध्ये ‘आपे’ म्हणजे मधमाशी. मेमध्ये लोकाट असतात, पिवळे, आंबटगोड. फड्या निवडुंगाची बोंडं उन्हाळा सरताना येतात, तुम्हाला मिळायची नाहीत. त्यांना तिथे ‘भारताचं अंजीर’ म्हणतात, मूळ मात्र अमेरिकेचं.

आता वागण्याचं. दुकानात शिरताना आधी ‘बोन्जोर्नो’, दुपार कलली की ‘बोनासेरा’, मग काय हवं ते. नमस्कार न करता वस्तू मागणं तिथे उद्धट समजतात. चर्चमध्ये चपला काढत नाहीत, पण खांदे आणि गुडघे झाकलेले हवेत; प्रार्थना चालू असेल तर कडेला उभं राहायचं. एखाद्या म्हाताऱ्याने हनुवटी वर करून जिभेने ‘च्च’ केलं तर ते ‘नाही’ असतं, आपल्यासारखंच. आपण हो म्हणताना मान तिरकी डोलावतो ती मात्र त्यांना उमगत नाही, तेव्हा तोंडाने ‘सी’ म्हण. आणि एक जुना शब्द दादाला शिकव: ‘सब्बेनेदिका’. लहानांनी वडीलधाऱ्यांना म्हणायचा, आशीर्वाद द्या, असा. आता फार थोड्या तोंडी उरला आहे. शिक्लीत आमच्या घराच्या मालकीणबाईंच्या आई ऐंशीच्या पुढच्या होत्या. मी हात जोडून तो शब्द म्हटला तर त्यांनी माझे जोडलेले हात आपल्या दोन्ही हातांत धरले आणि बराच वेळ सोडले नाहीत.

संध्याकाळी सहानंतर शिक्लीच्या मोर्मिनो पेन्ना रस्त्यावर जाऊन बसा. काही बघायला जायचं नाही, बसायचं. सात वाजता सगळं गाव रस्त्यावर उतरतं. आजोबा हात मागे बांधून, बायका हातात हात घालून, मुलं पायात येत. या टोकापासून त्या टोकापर्यंत जायचं, वळायचं, परत. त्याला ‘पासेज्जाता’ म्हणतात. पहिल्या दिवशी लोक तुमच्याकडे बघतील, दुसऱ्या दिवशी मान लववतील, तिसऱ्या दिवशी कुणीतरी बाकावर सरकून जागा देईल. म्हणून चार रात्री. वर डोंगराच्या कुशीत कियाफुराच्या गुहा दिसतील. गेल्या शतकाच्या मध्यापर्यंत तिथे माणसं राहत होती. मेअखेरीस असाल तर गावची जत्रा सापडेल, घोड्यावर बसलेल्या, हाती तलवार घेतलेल्या मारियामातेची. अशी मूर्ती ख्रिस्ती जगात क्वचितच दिसेल. वहिनी नकळत हात जोडेल, जोडू दे.

पालात्सोलोचं आकर्षण वेगळं. गावावर इसवी सनापूर्वी ६६४मध्ये सिराकूझाच्या ग्रीकांनी वसवलेल्या आक्राई नगरीचे अवशेष आहेत, आणि त्यात एक छोटं दगडी नाट्यगृह. मे महिन्यात तिथे शाळा-कॉलेजची मुलं जुनी ग्रीक नाटकं करतात. सिराकूझाच्या मोठ्या नाट्यगृहाची तिकिटं मिळाली नाहीत तर हळहळू नकोस, इथे ये. आम्ही बसलो त्या पायरीवर एका पात्राची आजी होती. नात रंगभूमीवर आली की ती आमच्या दंडाला हात लावायची, आणि मधल्या वेळात तिने रुमालातले लोकाट आमच्यापुढे धरले. शब्द एक कळत नव्हता. काकांचे डोळे तरी भरून आले.

कागदपत्रांचं थोडक्यात. शेंगेन व्हिसाचा अर्ज सहा महिने आधी करता येतो, उन्हाळ्यापूर्वी भेटीच्या तारखा लवकर भरतात, म्हणून थांबू नकोस. किमान ३०,००० युरोचा वैद्यकीय विमा लागतो. तीनच मुक्काम असले की आरक्षणाचे कागदही तीनच. घरमालक पासपोर्ट मागतील, तो तिथला कायदा आहे. मुक्कामाचा स्थानिक कर पुष्कळदा रोखीत घेतात, सुटे युरो जवळ ठेव. दादाच्या गोळ्या दोन बॅगांत विभागून, डॉक्टरांच्या चिठ्ठीसह, आणि चिठ्ठीवर औषधाचं मूळ नाव असू दे. अडचणीला ११२. चौकातल्या नळावर ‘नोन पोताबिले’ लिहिलं असेल तर ते पाणी पिण्याचं नाही.

पालात्सोलोहून सिराकूझाला परतायची बस सकाळची धर, तिकीट आदल्या संध्याकाळी घेऊन ठेव. निघायच्या दिवशी पहाटे जावईबापूंना बेकरीत पाठव. तिथला पाव बन्सी गव्हासारख्या कडक गव्हाच्या रव्याचा असतो, आतून पिवळसर, वरून तीळ लावलेला. सामान भरलंय, आता कशाला, असं वहिनी म्हणेल. तरी एक घ्या, कागदात गुंडाळून हातातच ठेवा. सिराकूझा येईपर्यंत तो कोमट राहतो.